खुरांच्या उंचीवरून

गुरांच्या मागे राहून गुरे हाकणाऱ्या कुत्र्याला दोन गोष्टी क्षणार्धात ओळखाव्या लागतात: जनावराच्या देहाचा भार या घटकेला कोणत्या पायावर आहे ही एक, आणि भारमुक्त झालेला दुसरा पाय केव्हा व कोणत्या अंगाने येणार आहे ही दुसरी. गाय घोड्यासारखी सरळ मागे लाथ झाडत नाही. तिचा खूर बहुधा आधी थोडा पुढे उचलला जातो आणि मग बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळ घेत मागे येतो. पाच-सहाशे किलो वजनाच्या जनावराचा तो खूर कुत्र्याच्या कपाळावर बसला तर कुत्र्याचे आयुष्य तेथेच संपते. म्हणून जाणता कुत्रा जमिनीवर टेकलेल्या, भार वाहणाऱ्या पायाच्या टाचेलाच निसटता दात लावतो, कारण तो पाय तत्काळ उचलणे जनावराला शक्य नसते; आणि भार पालटून ते लाथ झाडण्याच्या स्थितीत येईपर्यंत हा पोट भुईला लावून सपाट झालेला असतो व खूर त्याच्या मस्तकावरून निघून जातो. या व्यवसायात देह जितका भुईलगत तितका जीव सुरक्षित. वेल्सच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो दहा-बारा इंच उंचीचा, लांब पाठीचा आणि कोल्ह्यासारख्या मुखाचा कुत्रा जतन केला आणि ज्याला जग आज कॉर्गी या नावाने ओळखते, त्याच्या ठेंगणेपणाचे मूळ या खुरांच्या हिशेबात आहे. त्याची चित्रे भेटपत्रांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर पाहून ज्यांना तो केवळ गोजिरवाणा वाटतो, त्यांनी एकदा त्याला गाईच्या मागच्या दोन पायांमध्ये उभा असलेला कल्पावा, एवढीच माझी विनंती आहे.

कॉर्गी हा एक कुत्रा नव्हे. ती दोन भिन्न कुळे आहेत आणि त्यांची नावे दोन शेजारी परगण्यांवरून पडली आहेत. पेम्ब्रोकशरचा तो पेम्ब्रोक आणि कार्डिगनशरचा, ज्याला आज केरेडिगियन म्हणतात, तो कार्डिगन. पेम्ब्रोक किंचित लहान, टोकदार ताठ कानांचा, बहुधा तांबूस व पांढऱ्या रंगाचा आणि शेपटीचा बेताचाच. कार्डिगन हाडाने भारी, मोठ्या गोलसर कानांचा, पुढची पावले जराशी बाहेर वळलेला आणि कोल्ह्यासारखी झुबकेदार शेपूट मिरवणारा. 1925 साली कार्मार्थन येथे या कुत्र्यांच्या चाहत्यांचा पहिला संघ उभा राहिला. प्रदर्शनांत दोन्ही कुळे काही वर्षे एकाच नावाखाली उभी केली जात आणि परीक्षकाच्या आवडीप्रमाणे आज एका कुळाचा तर उद्या दुसऱ्याचा जय होई. अखेर 1934 साली ब्रिटनच्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र मान्यता दिली, ते योग्यच झाले.

त्यांच्या उत्पत्तीविषयी जे वाद आहेत त्यांत मी फार रमत नाही. बाराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने फ्लँडर्समधील विणकर व शेतकरी आणून दक्षिण पेम्ब्रोकशरमध्ये वसवले हा इतिहास आहे. त्यांच्या गाठोड्यांबरोबर पेम्ब्रोकचे पूर्वजही आले ही परंपरा आहे. कार्डिगनचे नाते काहीजण डॅक्सहुंडाच्या कुळाशी जोडतात, तर इतर कित्येकांच्या मते समुद्रमार्गे लूटमार करीत आलेल्या उत्तरेकडील लोकांनी आपले आखूड पायांचे गुराखी कुत्रे या किनाऱ्यावर सोडले. या तिसऱ्या मताला आधार म्हणून स्वीडनच्या वॅलहुंडाकडे बोट दाखवतात, आणि तो खरोखरच पेम्ब्रोकचा चुलतभाऊ शोभेल इतका सारखा आहे. 1942 च्या सुमारास, युरोपात युद्ध पेटलेले असताना, काउंट ब्यॉर्न फॉन रोसेन आणि कार्ल-गुस्ताफ झेटरस्टेन या दोघांनी वेस्टरगोटलँड प्रांतातील वाड्यावस्त्या धुंडाळून त्या जातीची उरलीसुरली जनावरे गोळा केली व तिला नामशेष होण्यापासून वाचवले. कोणी कोणाला कुत्रा दिला हे ठरवण्यापेक्षा मला यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: ज्या ज्या मुलखात गुरे पाळली गेली आणि माणसे गरीब होती, तेथे तेथे थोड्या अन्नावर राहणारा आणि खुरांखाली जगू शकणारा कुत्रा लोकांनी शोधून काढला.

वेल्समध्ये गुराखी कुत्र्याची प्रतिष्ठा किती जुनी आहे याचा दस्तऐवज उपलब्ध आहे, आणि तो वाचताना मला नेहमी गहिवर येतो. दहाव्या शतकात हवेल नावाचा राजा होऊन गेला. प्रजेने त्याला ‘दा’, म्हणजे सज्जन, ही उपाधी दिली. त्याने ठिकठिकाणचे जाणते लोक एकत्र बोलावून वेल्सचे रूढ कायदे एकसूत्र केले असे मानतात. आज उपलब्ध असलेल्या पोथ्या तेराव्या शतकापासूनच्या आहेत. या कायद्यांत प्रत्येक वस्तूचे, जनावराचे, झाडाचे मोल ठरवलेले आहे, कारण हानी झाली तर भरपाई किती द्यायची हे दिवाणाला ठाऊक असले पाहिजे. सामान्य गावठी कुत्र्याचे मोल चार पेन्स, मग त्याचा मालक प्रत्यक्ष राजा का असेना. परंतु कुत्रा गुराख्याचा असेल तर त्याचे मोल एका बैलाइतके. आणि तो खरोखर गुराखी कुत्रा आहे की नाही याविषयी शंका निघाली, तर मालकाने शपथ घ्यावी, आणि त्याच्या दाराच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या शेजाऱ्याने व खालच्या अंगाला राहणाऱ्या शेजाऱ्यानेही घ्यावी, की हा कुत्रा सकाळी कळपाच्या पुढे जातो आणि संध्याकाळी कळपाच्या मागे येतो.

या तरतुदीकडे मी पुनःपुन्हा परत जातो. कुत्र्याचा रंग, कुळ, कानांचा आकार, पायांची लांबी यांपैकी कशाचाही तीत उल्लेख नाही. त्याची योग्यता त्याच्या दिनक्रमात आहे, आणि त्या दिनक्रमाची साक्ष देणारे लोक म्हणजे ज्यांनी तो आपल्या उंबरठ्यावरून रोज पाहिला ते दोन शेजारी. एवढे सुजाण प्रमाणपत्र त्यानंतरच्या काळात कोणत्याही प्रदर्शनमंडळाने कोणत्याही कुत्र्याला दिलेले माझ्या वाचनात नाही. राजाच्या गावठी कुत्र्याला चार पेन्स आणि राबणाऱ्या कुत्र्याला बैलाचे मोल देणारा तो समाज दरिद्री असेल, परंतु त्याची मोजमापे खरी होती.

कार्डिगनच्या जुन्या कामाचे सविस्तर वर्णन लॉइड-टॉमस या केरेडिगियनच्या जाणकाराने 1935 च्या सुमारास लिहून ठेवले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या डोंगराळ मुलखात बरीचशी जमीन राजसत्तेच्या मालकीची होती. कुळाला घराभोवतीच्या थोड्याशा एकरांना कुंपण घालण्याची मुभा होती आणि बाकीचे सारे गायरान. गायरानावर सर्वांची वहिवाट, त्यामुळे ज्याची गुरे अधिक दूरवर पसरतील त्याला अधिक चारा; आणि म्हणून शेतकरी आपल्या दारात उभा राहून कुत्र्याला इशारा करी व कुत्रा टेकडीवर जाऊन शेजाऱ्याची गुरे टाचांना चावे घेत दूर पिटाळून लावी. धन्यापासून दूर, कित्येकदा त्याच्या दृष्टीआडही, एकट्याने, स्वतःच्या निर्णयाने काम करणे हा या कुत्र्याच्या शिक्षणाचा गाभा होता. आमच्या धनगराचा कुत्रा लांडग्यापासून कळप राखतो, म्हणून तो उंच, दमदार आणि पहाऱ्यावर अढळ उभा राहणारा हवा. कॉर्गीकडे राखणीपेक्षा हालचाल घडवण्याचे काम, म्हणून त्याच्या स्वभावात स्वस्थ बसणे नाही. आपल्या कोणत्या हद्दीत कोण असावे आणि कोण नसावे याविषयी त्याची ठाम मते असतात, ती या गायरानावरच्या पिढ्यांची कमाई आहे. पुढे गायराने वाटली गेली, विकली गेली, तारांची कुंपणे आली. शेजाऱ्याची गुरे पिटाळण्याचा प्रश्नच उरला नाही आणि कार्डिगनची रोजीही गेली.

पेम्ब्रोकचे आणि त्याच्या मिश्र भाऊबंदांचे भाग्य दुसऱ्या एका रस्त्याशी जोडलेले होते. रेल्वे येण्यापूर्वी वेल्सची काळी गुरे पायी चालत इंग्लंडच्या बाजारांना जात, थेट लंडनच्या स्मिथफील्डपर्यंत. ती नेणारे पोर्थमिन, म्हणजे गुरांचे व्यापारी-हाके, हा एक मातब्बर वर्ग होता. सोळाव्या शतकातील इंग्रजी कायद्याप्रमाणे हा धंदा करण्यास परवाना लागे आणि तो मिळण्यासाठी मनुष्य विवाहित, घरदार असलेला आणि तीस वर्षांहून मोठा असावा लागे. कारण त्याच्या हाती गावाचे गोधन तर असेच, शिवाय जमीनदारांचे वसूल आणि लंडनला भरावयाच्या रकमाही तोच नेत असे. या विश्वासातूनच 1799 साली डेव्हिड जोन्स या हाक्याने लँडोव्हरी येथे पेढी काढली, जिच्या नोटांवर काळ्या बैलाचे चित्र होते. ती पुढे 1909 मध्ये लॉइड्स बँकेत विलीन झाली. लांबच्या वाटेसाठी गुरांना नाल ठोकत. आपल्याकडे बैलाला पत्र्या मारतात तशाच दुभंगलेल्या खुराच्या दोन भागांना दोन, म्हणजे जनावरामागे आठ. हंसांचे थवेही असेच पायी नेत, आणि त्यांची पावले आधी डांबरातून व मग वाळूतून चालवून टणक करीत.

या शेकडो जनावरांच्या मिरवणुकीत कुत्र्यांचे स्थान मागे आणि बाजूंना. वाटेत एखाद्या शेतकऱ्याची गुरे कळपात मिसळू नयेत म्हणून हाके दुरूनच आरोळी देत आणि शेतकरी धावत जाऊन आपली जनावरे आत घेत. तरीही जे चुकून मिसळेल ते ओळखून वेगळे काढणे कुत्र्याचे काम. व्यापार संपल्यावर हाक्याला लंडनमध्ये काही दिवस राहावयाचे असेल तर तो कुत्र्यांना पुढे पाठवून देई, आणि ती जनावरे येतानाच्याच वाटेने, ओळखीच्या खानावळींत थांबत, एकटी वेल्सला परत येत. एका हाक्याच्या कुत्र्याची गोष्ट तेथे आजही सांगतात: धन्याने केंटमध्ये तट्टू विकले, त्याचे खोगीर कुत्र्याच्या पाठीवर बांधले, वाटेतल्या खानावळवाल्यांनी याला खाऊ घालावे अशी चिठ्ठी अडकवली आणि त्याला घरी धाडले, आणि तो खोगिरासह पोहोचला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूळ पश्चिम वेल्सपर्यंत आले, 1864 साली ॲबरिस्टविथला गाडी पोहोचली, आणि वाघिणींत बसून जाणाऱ्या गुरांना टाच चावणाऱ्याची गरज राहिली नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा केरेडिगियनमधील एका रुग्णालयात डॉक्टर आहे; त्याच्याकडे राहावयास गेलो असता टायव्ही नदीच्या खोऱ्यातील एका शेतावर मी काम करणारी कार्डिगन कुत्री पाहिली. पट्टेदार तपकिरी रंगाची, वयाने उतरणीला लागलेली. दुधाची वेळ झाली की ती कोणी न सांगता कुरणाच्या दूरच्या कोपऱ्यात जाई, आणि तेथून मागे मागे राहून, कधी डाव्या अंगाला तर कधी उजव्या अंगाला सरकत, कळप फाटकाकडे आणी. मेंढ्या वळणाऱ्या कोली जातीच्या कुत्र्याकडे जी रोखलेल्या नजरेची मोहिनी असते ती हिच्यापाशी नव्हती. हिचे शासन दाताचे आणि आवाजाचे होते, आणि तेही क्वचित. एक गाय चिखलापाशी अडून बसली तेव्हा ही तिच्या मागे गेली, एकदाच टाचेला लागली, भुईसपाट झाली, आणि गाय चालू लागताच उठून, काही झालेच नाही अशा मुद्रेने, पुढच्या गाईकडे वळली. विजयाचा आविर्भाव नाही, शिक्षा लांबवण्याची हौस नाही. शेताच्या मालकीण पासष्टीच्या, मितभाषी बाई होत्या; कुत्री तुमची आज्ञा चांगली पाळते असे मी म्हणालो, तेव्हा त्या थोडा विचार करून म्हणाल्या, “आज्ञा मी फारशी देत नाही. तिला काम माझ्याआधी कळतं.”

या स्वभावाला हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. आपल्या कित्येकपट वजनाच्या प्राण्याला, धन्याच्या नजरेआड, दर क्षणी जीव पणाला लावून वळवायचे असेल, तर आत्मविश्वास आणि स्वतंत्र निर्णय हे गुण अपरिहार्य आहेत. आणि ज्याच्यापाशी ते गोठ्यात आहेत त्याच्यापाशी ते दिवाणखान्यातही असणारच. कॉर्गी मोठ्याने भुंकतो, कारण गुरांना त्याचा आवाज देहापेक्षा आधी पोहोचला पाहिजे. तो खादाड आहे. माणसांवर त्याची माया अपार आहे, पण ती लाचार नाही. तो मांडीवर येण्यापेक्षा दारापाशी, जेथून घरातील सर्वांच्या हालचाली दिसतील अशा जागी बसणे पसंत करतो.

राजवाड्यातील कॉर्गींविषयी इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात उरकतो. 1933 साली यॉर्कच्या ड्यूकने आपल्या मुलींसाठी डूकी नावाचे पेम्ब्रोक पिल्लू घेतले. 1944 मध्ये त्यांतील एलिझाबेथला, म्हणजे पुढच्या राणीला, अठराव्या वाढदिवशी सूझन मिळाली, जी 1947 साली तिच्या मधुचंद्रालाही बरोबर गेली. सूझनचा वंश चौदा पिढ्या चालला आणि 2018 साली विलो वारली तेव्हा तो राजघराण्यात संपला. 2022 च्या सप्टेंबरात राणीची शवपेटिका विंडसरला आली तेव्हा म्यूइक आणि सँडी ही दोन कॉर्गी अंगणात उभी होती. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की महालाने त्यांचा स्वभाव पालटला नाही. सूझन घड्याळांना चावी देणाऱ्या सेवकाला चावली. 1991 साली आपल्या कुत्र्यांचे भांडण सोडवताना खुद्द राणीच्या हाताला टाके पडले. हुजऱ्यांच्या टाचा तर नेहमीच्याच धोक्यात. हजार वर्षांपूर्वी ज्या मुलखाच्या कायद्याने राजाच्या गावठी कुत्र्याला वेगळे मोल दिले नाही, त्या मुलखाच्या कुत्र्याने राजगृहीही आपला शिरस्ता सोडला नाही.

आता हा कुत्रा मुंबई-पुण्याच्या सदनिकांतही येऊ लागला आहे. पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीकडे एक पेम्ब्रोक आहे. मुले दिवाणखान्यात धावू लागली की तो त्यांच्याभोवती फेर धरतो आणि जो वेगळा पळेल त्याच्या टाचेला तोंड लावतो. “मामा, हा आम्हाला पळूच देत नाही,” अशी भाचीची तक्रार असते. तिला मी सांगतो की तो तुमचा कळप करतो आहे. त्याला दटावून हे थांबणार नाही. त्याला दुसरे काम द्यावे लागेल, आणि बहिणीने ते दिले आहे. चेंडू शोधणे, वस्तू आणून देणे, पहाटे दूरवर चालणे. वैशाखात त्याचे दुहेरी केसांचे आवरण त्याला छळते, आणि ओल्या अटलांटिक वाऱ्यासाठी घडलेल्या प्राण्याला दुपारच्या उन्हात बाहेर नेणे हा अपराध आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरात दिवसभर कोणी नसते आणि संध्याकाळी फिरवायला नोकर येतो, त्या घराने हा कुत्रा आणू नये.

त्याच्या देहाची किंमतही जाणली पाहिजे. त्याचे आखूड पाय एका जनुकाच्या वाढीव प्रतीमुळे आहेत हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. हीच प्रत डॅक्सहुंड आणि बॅसेटमध्येही आहे, आणि ती कुत्र्यांच्या इतिहासात एकदाच उद्‌भवली. पायांच्या हाडांची वाढ लवकर थांबते, धड मात्र मोठ्या कुत्र्याचेच राहते; म्हणून पाठीच्या कण्यावर भार येतो आणि लठ्ठपणा तो भार असह्य करतो. त्याच वर्षी कण्याच्या मज्जारज्जूच्या एका असाध्य ऱ्हासाशी निगडित जनुकही ओळखले गेले. पेम्ब्रोकमध्ये ते फार पसरलेले आहे, आणि उतारवयात मागचे पाय हळूहळू निकामी होतात. पेम्ब्रोकची उपजत आखूड शेपटीही अशीच: आखूडपणाची एक प्रत मिळाली तर शेपूट तोकडी, दोन मिळाल्या तर पिल्लू गर्भातच दगावते. जन्मतः लांब शेपटीच्या पिल्लांची शेपूट छाटण्याची जुनी रीत इंग्लंड आणि वेल्समध्ये 2007 पासून कायद्याने बंद झाली, याचा मला आनंद आहे.

1930 च्या दशकातील छायाचित्रे पाहिली तर त्या कॉर्गींचे पाय आजच्याहून जरा लांब आणि देह सडसडीत दिसतो. प्रदर्शनांच्या नादात कुत्रा अधिक ठेंगणा, अधिक जड, अधिक केसाळ होत गेला. गोजिरेपणा वाढला आणि धावण्याची ऐपत घटली. 2014 साली ब्रिटनमध्ये केवळ 274 पेम्ब्रोक पिल्लांची नोंद झाली आणि केनेल क्लबला त्याला धोक्यातील देशी जातींच्या यादीत घालावे लागले. नंतर राणीच्या आयुष्यावरील दूरचित्रमालिकेमुळे मागणी वाढली व तो त्या यादीतून बाहेर आला. या लाटेवर पिल्ले विकणारे जेवढे उभे राहिले, तेवढे त्यांच्या कण्याची चिंता वाहणारे राहिले नाहीत.

म्हणून कोणी मला कॉर्गी घ्यावा काय असे विचारले तर मी सांगतो की पिल्लाच्या आधी त्याची आई पाहा. तिला तासभर मोकळ्या रानात चालताना पाहा. तिची छाती भुईपासून पुरेशी उचललेली आहे काय, चढावर ती धापा टाकते काय, पाठ डुलते काय हे नीट बघा. दोन्ही जनकांच्या जनुकतपासणीचे अहवाल मागा, आणि विकणारा टाळाटाळ करील तर तेथून उठून या. मग पिल्ले एकत्र खेळत असताना थोडा वेळ त्यांच्यात बसा; जे पिल्लू मागे राहून इतरांना गोळा करू पाहील ते कामाचे आहे, आणि त्याच्यासाठी तुमच्यापाशी रोज सकाळ-संध्याकाळ काम असेल, तरच किमतीची गोष्ट काढा.